जुन्या क्रोनोग्राफची तबकडी कशी पारखावी

जुन्या क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाची किंमत मशीनपेक्षा तबकडीवर जास्त ठरते. रोलेक्स डेटोनाच्या, सिंगर कंपनीने केलेल्या वेगळ्या धाटणीच्या तबकड्या त्या काळी फारशा खपल्या नाहीत, म्हणून आज त्या दुर्मिळ आहेत. अभिनेता पॉल न्यूमनचं असं घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. इतका पैसा असला की नव्याने रंगवलेल्या तबकड्याही बाजारात येणारच.

आधी एकच मॉडेल ठरवा आणि लिलावांच्या कॅटलॉगमधले त्याचे वीस-तीस फोटो डोळ्यांखालून घाला. मगच बाजारात जा, दहापट भिंग खिशात ठेवून. अस्सल छपाईच्या कडा धारदार दिसतात. रंगवलेल्या तबकडीत अक्षरं जाड होतात आणि छोट्या तबकड्यांमधल्या बारीक गोल रेघा रंगाने बुजतात.

माझा सगळ्यात जास्त भरवसा गणितावर. कडेला टॅकीमीटरची वेगमोजणीची पट्टी असेल तर ३६०० ला सेकंदांनी भागा. ३० सेकंदांसमोर १२०, ३६ समोर १००, ४५ समोर ८० यायलाच हवं. माझा पहिला क्रोनोग्राफ मी घाईत घेतला. घरी दिव्याखाली भिंग लावलं तर १०० चा आकडा ३५ सेकंदांजवळ! विक्रेता म्हणाला, "साहेब, जुनं घड्याळ आहे, एवढं चालायचंच." नाही चालत. कारखान्यात हे आकडे मोजून छापलेले असतात. डॉक्टरांसाठीची, ३० ठोक्यांची नाडीपट्टी असेल तर २० सेकंदांसमोर ९० पाहा.

तबकडीवर न्यूयॉर्कच्या टिफनीसारख्या जवाहिऱ्याच्या पेढीचं नाव किंवा ओमानच्या राजचिन्हातलं खंजीर असेल तर दुप्पट सावध राहा. पेढीचं नाव बऱ्याचदा विक्रेत्याकडेच नंतर छापलं जाई, त्यामुळे नुसत्या वेगळ्या शाईवरून खोटं ठरवू नका. जुनं बिल, दुरुस्तीचे कागद मागा. कागद नसतील तर नावाचे जास्त पैसे देऊ नका.

सहाच्या आकड्याखाली 'टी' अक्षरं असली तर चमकणारा लेप ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचा. त्याचा जोर साधारण १२ वर्षांत निम्मा होतो. त्यामुळे १९६५ चं घड्याळ रात्रभर उजळत असेल तर लेप नंतर भरलेला आहे. ट्रिटियम येण्याआधीच्या चमकणाऱ्या घड्याळांत रेडियम असतं, तेही किरणोत्सर्गी आणि घातक. ते खरवडू नका, मागचं झाकणही घरी उघडू नका.

बटणं दाबून काटा बरोबर बारावर परततो का, तेही पाहा. लँडेरॉन ४८ मशीनमध्ये वरचं बटण फक्त सुरू करतं, थांबवणं आणि परत आणणं खालच्याकडे असतं. ते माहीत नसल्याने चांगली घड्याळं बिघडलेली समजून लोक सोडून देतात.

घेतल्यावर घड्याळजीकडे देताना चिठ्ठीवर लिहून द्या: तबकडी पुसायची नाही, रंगवायची नाही. ओलं बोट फिरलं तरी साठ वर्षांची छपाई निघून येते.