मोबाइलने फोटो काढताना या चुका टाळा

फोटो फसला की दोष मेगापिक्सेलला दिला जातो आणि घरात नव्या मोबाइलची चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चुकलेले असते ते प्रकाशाचे मोजमाप, आणि ते साध्या मोबाइलवरही बोटाने दुरुस्त करता येते.

नाशिकच्या काळाराम मंदिराच्या बाहेरून काढलेल्या फोटोंत ही चूक हमखास आढळते. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे चौकटीत काळा पाषाण जास्त आला की तो उजेड वाढवतो, दगड राखाडी दिसू लागतो आणि शिखरामागचे आकाश पांढरेफटक होते. अशा वेळी स्क्रीनवर शिखराच्या उजळ कडेवर बोट टेकवावे, शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह सावकाश खाली सरकवावे आणि दगड डोळ्यांना दिसतो तितका काळा झाला की थांबावे. बोट क्षणभर दाबून ठेवल्यास बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि प्रकाश दोन्ही त्याच जागी कायम राहतात. याच्या नेमके उलट निवृत्तिनाथांच्या पालखीत घडते. वारकऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी चौकट भरली की कॅमेरा उजेड कमी करतो आणि पांढरे कपडे मळकट दिसतात. तेथे तेच चिन्ह किंचित वर न्यावे.

रामकुंडावरील संध्याकाळच्या आरतीत नाइट मोड सुरू ठेवणे ही दुसरी मोठी चूक होय. हा मोड काही क्षणांत अनेक फोटो टिपून त्यांचा एक फोटो बनवतो. घाटाच्या पायऱ्या, मंदिरे आणि पाण्यातले दिवे यांसाठी तो उत्तम, पण फिरत्या आरतीच्या ज्योतींच्या रेघा होतात आणि ओवाळणारे हात धुरकट येतात. तो बंद करून ज्योतीवर बोट टेकवावे, उजेड थोडा उतरवावा आणि आरती वळणावर क्षणभर थबकते तेव्हा बटण दाबावे. फ्लॅश मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याचा उजेड जेमतेम दोन-तीन मीटर पोहोचतो, म्हणजे आरतीऐवजी पुढच्या माणसाची पाठच उजळते.

पांडवलेण्यांत आतून दाराकडे कॅमेरा धरल्यास माणसाची काळी आकृती उरते. त्याला दाराशी बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभे करावे आणि आपण उजेडाच्या बाजूने फोटो घ्यावा.

नांदूर मधमेश्वरला, म्हणजे 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेल्या महाराष्ट्राच्या पहिल्या पाणथळ क्षेत्रात, दूरच्या पक्ष्यासाठी झूम ताणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दूरचे दृश्य जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल, तर हा झूम फोटोचा मधला भाग कापून मोठा करतो; तपशील वाढत नाही, पक्ष्याचा ठिपका तेवढा फुगतो. त्यापेक्षा दुर्बिणीच्या डोळा लावण्याच्या भिंगाशी मोबाइलची लेन्स नेमकी टेकवून पाहावी. थोड्या सरावाने चांगला फोटो मिळतो.

सगळेच फोटो धुरकट येत असतील आणि दिव्यांभोवती तेजाची वलये दिसत असतील, तर सेटिंग चाळण्याआधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसावी. मिसळीची तर्री लागलेल्या बोटांनी मोबाइल हाताळणाऱ्या शहरात हा उपाय सर्वांत आधी करायला हरकत नाही.

फोटो मोबाइलमध्ये स्वच्छ दिसतो आणि नातेवाइकांकडे पोहोचल्यावर अस्पष्ट होतो, अशी तक्रार असल्यास कॅमेरा निर्दोष समजावा. व्हॉट्सअ‍ॅप फोटोचा आकार लहान करून पाठवते. छपाईसाठी द्यायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.