फ्रेझल व्हर्ब क्रियापदानुसार पाठ करू नका

इंग्रजीत क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखे शब्द जोडून वेगळ्या अर्थाची जी जोडी होते, ती फ्रेझल व्हर्ब. ‘पुट’पासून होणारी अशी सगळी रूपे एका दमात पाठ केली, तर ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, यांची परीक्षेत हमखास गल्लत होते. आपल्याकडेही ‘मनावर घेणे’ आणि ‘आवरते घेणे’ यांचा अर्थ केवळ ‘घेणे’वरून लागत नाही, तो प्रसंगातून कळतो. म्हणून एक प्रसंग निवडावा: गोदावरीला पूर आल्यामुळे नाशिकच्या गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार रद्द झाला, तर ‘कॉल ऑफ’, गुरुवारवर ढकलला, तर ‘पुट ऑफ’, आणि विक्रेत्याने पडेल भावाची मागणी नाकारली, तर ‘टर्न डाउन’. अशी तीन-चार रूपे रोज वाक्यांसह वहीत लिहिली, तरी पुरे.

चुका शोधण्याच्या प्रश्नांत मात्र सर्वनामाची जागा आधी तपासावी, कारण ‘कॉल इट ऑफ’ बरोबर आणि ‘कॉल ऑफ इट’ चूक असते, तर ‘लुक आफ्टर’सारख्या न तुटणाऱ्या, म्हणजे मध्ये सर्वनाम न घेणाऱ्या जोडीत सर्वनाम शेवटीच येते. वहीत प्रत्येक जोडीपुढे ‘तुटते’ किंवा ‘तुटत नाही’ असे लिहून ठेवावे. बहुतेकांच्या वह्यांत नेमके हेच नसते.