व्हिजिट व्हिसावर दुबईत उतरलात, नोकरी मिळाली: पुढचे कागद कसे करायचे

व्हिजिट व्हिसावर दुबईत मुलाखती देता येतात, काम करता येत नाही. एक दिवसही नाही, आणि ‘चार दिवस ट्रायल बघू, मग व्हिसाचं बघू’ असं मालक म्हणाला म्हणून तर मुळीच नाही. बिनापरवाना माणूस कामाला ठेवला तर मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. २०२४ साली तो वाढवला गेला. कामगारावरही कारवाई होते आणि त्याला परत पाठवलं जातं. ट्रायलचे पैसे बुडाले तर दाद मागायची कुठे, हाही प्रश्नच, कारण कागदोपत्री तुम्ही तिथे पर्यटक असता.

बाकी यूएईची पद्धत सोयीची आहे. देशात राहूनच व्हिजिटचा एम्प्लॉयमेंट व्हिसा करून घेता येतो, त्याला तिथे ‘स्टेटस चेंज’ म्हणतात. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: परवाना कंपनी काढते, तुम्ही नाही. अर्ज कंपनीच्या लायसन्सवर होतो, फी कंपनी भरते, धावपळ कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, करतो. तुमचं काम कागद तयार ठेवणं आणि व्हिसाचे दिवस मोजणं, एवढंच.

निघण्याआधी, मुंबईतच

पहिला कागद पासपोर्ट. त्यावर ईसीआरचा, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा, शेरा आहे का ते बघा. कुठेही शेरा नसेल तर तो ईसीएनआर, म्हणजे ही तपासणी न लागणारा. दहावी पास असूनही ईसीआर पासपोर्ट हातात असलेली माणसं खूप आहेत, कारण अर्ज करताना बोर्डाचं प्रमाणपत्र जोडलेलंच नसतं. अशांनी री-इश्यूचा अर्ज करून आधी शेरा काढून घ्यावा. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळचे २,००० वर. लोअर परळ, अंधेरी, मालाड, ठाणे यांपैकी जवळच्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्या आणि दहावीचं मूळ प्रमाणपत्र सोबत न्या. हे आत्ताच का? ईसीआरवाल्याला यूएईत नोकरीसाठी जायला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची भारत सरकारची मंजुरी, लागतो. कामाला जातोय हे लपवून टुरिस्ट म्हणून निघालेल्या ईसीआरवाल्याला मुंबई विमानतळावरूनच घरी पाठवलं जाऊ शकतं.

दुसरी अडचण नावाची. नोव्हेंबर २०२२पासून पासपोर्टवर एकच शब्द नाव असेल, म्हणजे आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर यूएई व्हिजिट व्हिसावर प्रवेश देत नाही. आपल्याकडे दुसराच घोळ जास्त: गुणपत्रिकेवर ‘कदम सुनीता महादेव’, पासपोर्टवर लग्नानंतरचं ‘सुनीता प्रकाश सावंत’. माणूस एकच, पण पडताळणी करणाऱ्याच्या लेखी दोन. विवाह नोंदणीचा दाखला किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची प्रत सोबत असू द्या.

तिसरं, पदवीचं अ‍ॅटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के. इंजिनिअर, अकाउंटंट, मॅनेजर अशा पदांना ते लागतं. हेल्पर किंवा डिलिव्हरीच्या कामाला नाही. क्रम ठरलेला आहे: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा वाणिज्य दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. नुसतं अपॉस्टील (परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) करून दिलं की झालं, असं सांगणाऱ्या एजंटवर विसंबू नका. यूएईला ते पुरत नाही. या साखळीत आठवडे जातात आणि मूळ पदवी हातातून जाते. ती दादरच्या घरी कपाटात आणि तुम्ही दुबईत, अशी वेळ आली की व्हिसाचे निम्मे दिवस कुरिअरमध्ये संपतात. नर्स, फार्मासिस्ट, डॉक्टर यांना याशिवाय आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं, दुबईपुरतं ते डीएचएचं, म्हणजे दुबई हेल्थ ऑथॉरिटीचं. त्याची पडताळणी इथूनच सुरू करावी.

छातीचा एक्स-रे इथेच काढून बघा. तिकडच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीसाठी रक्त आणि टीबीसाठी एक्स-रे तपासतात. लहानपणी टीबी होऊन बरा झालेल्यांच्या फुप्फुसावर डाग राहतो आणि तो त्या फिल्मवर दिसतो. नोकरी ठरल्यावर तिथे कळण्यापेक्षा चारपाचशे रुपये खर्चून आधी कळलेलं बरं.

व्हिसा ३० दिवसांचा नको, ६०चा घ्या. पदवीधर असाल तर जॉबसीकर व्हिसाही बघा: ६०, ९० किंवा १२० दिवसांचा असतो, कोणी स्पॉन्सर लागत नाही, मात्र कौशल्याच्या किंवा विद्यापीठाच्या अटी आहेत. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा छापून जवळ ठेवा; काउंटरवर मोबाइलची बॅटरी संपलेली असते.

नोकरी ठरली की

मेनलँड कंपनी, म्हणजे फ्री झोनबाहेरची, असेल तर सगळं मानव संसाधन मंत्रालयाच्या, म्हणजे ‘मोहरे’च्या, सिस्टिममधून होतं. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे ऑफर नव्हे. मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातली, क्रमांक असलेली ऑफर मागा आणि तो क्रमांक मोहरेच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर टाकून बघा. ती हिंदीतही मिळते. सहीआधी तीन आकडे वाचा: मूळ पगार, भत्ते, प्रोबेशन. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात, त्यामुळे ‘एकूण ४,०००’ या शब्दावर खूश होऊ नका. त्यातला बेसिक १,२०० असला तर हिशोब वेगळाच होतो. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. फ्री झोनमधल्या, म्हणजे स्वतंत्र नियमांच्या व्यापारी क्षेत्रातल्या, कंपनीचे कागद मात्र त्या झोनच्या प्राधिकरणाकडून होतात, तिथे मोहरेचा क्रमांक शोधत बसू नका.

सही झाली की कंपनी वर्क परमिटची मंजुरी घेते, मग तुमच्या नावाचं एम्प्लॉयमेंट एंट्री परमिट निघतं, आणि त्यावर स्टेटस चेंज होतो. इथे तुम्ही पर्यटक राहत नाही. पीआरओकडून एंट्री परमिट आणि स्टेटस चेंज या दोन्हींची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. ‘अप्लाय केलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. कामावर पाय ठेवायचा तो यानंतर. पुढे मेडिकल, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, करार आणि रेसिडेन्स. पासपोर्टवर आता स्टिकर लागत नाही, एमिरेट्स आयडी हाच पुरावा.

घोळ होतो तो तारखांचा. लोक पन्नासाव्या दिवशी ऑफर घेतात आणि कंपनी दहा दिवसांत सगळं करेल असं धरून चालतात. मध्ये शुक्रवारची अर्धी सुट्टी येते, ईद येते, फोटोची पार्श्वभूमी पांढरी नाही म्हणून अर्ज परत येतो. स्टेटस बदलण्याआधी व्हिजिट संपला तर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. हाताशी किमान २० दिवस असताना ऑफर आली तर देशात राहूनच स्टेटस चेंज करा. नसतील तर मुदत वाढवून घ्या, किंवा सरळ मुंबईला परत या आणि कंपनीने पाठवलेल्या एंट्री परमिटवर पुन्हा जा. परत येण्यात कमीपणा नाही. पण ईसीआरवाल्यांना या वेळी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून क्लिअरन्स घ्यावाच लागतो, आणि त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा: दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. काही अडलं तर क्लिअरन्स देणारं कार्यालय बीकेसीच्या विदेश भवनात आहे.

पैसे कोण मागतंय ते बघा

यूएईच्या कायद्यानुसार भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकाचा. कामगाराकडून तो थेट घेता येत नाही, पगारातून कापताही येत नाही. त्यामुळे ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ दोन लाखांत देतो म्हणणारा माणूस नक्की काय विकतो? एखाद्या कागदावरच्या कंपनीच्या नावावर परवाना काढतो आणि तुम्हाला मोकळं सोडतो. तुम्ही दुसरीकडे काम करता, म्हणजे पुन्हा बिनापरवानाच. भारतातला नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो; क्रमांक विचारल्यावर जो ‘आपल्या गावचाच आहे मी’ म्हणतो, त्याच्याकडे तो नसतो.

दुबईचा नियम सगळीकडे लावू नका

ब्रिटनमध्ये व्हिजिटरवरून स्किल्ड वर्कर व्हिसावर आत राहून जाता येत नाही; बाहेर पडूनच अर्ज. कॅनडात कोविडकाळात ती सवलत होती, ती २८ ऑगस्ट २०२४ला बंद झाली, तरी तिचे जुने व्हिडिओ अजून फिरतात. जर्मनीला शेंगेन टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या भारतीयालाही परत येऊन इथूनच अर्ज करावा लागतो. तिथे जाऊन नोकरी शोधायची तर जून २०२४पासून चान्सनकार्ट हा नोकरी शोधायचा परवाना आहे. अमेरिकेत बी-१/बी-२ या व्हिजिटर व्हिसावर मुलाखत चालते, पण स्टेटस बदलल्याशिवाय काम नाही, आणि एच-१बी या कामाच्या व्हिसाला लॉटरी आहेच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसापत्रात ८५०३ ही अट आहे का ते बघा. असेल तर तिथे राहून दुसऱ्या व्हिसाचा अर्ज सहसा होत नाही.

कामाला लागल्यावर पगार डब्ल्यूपीएसमधून, म्हणजे यूएई सरकारच्या पगारवाटप यंत्रणेतून, खात्यात यायला हवा. पहिल्याच महिन्यात रोख हातात ठेवली तर स्लिप मागा. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं बेकायदा आहे. ‘सेफमध्ये ठेवतो’ म्हणाले तरी नको. अडलात तर यूएईतून भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा ८००४६३४२ हा टोल फ्री नंबर लावा.