जर्मनीत पहिल्यांदा मत देताना

नवं नागरिकत्व मिळालेल्यांनो, संसदेची मतपत्रिका हातात आली की आधी उजवीकडे बघा. डावीकडचा काळा रकाना उमेदवाराचा, उजवीकडचा निळा पक्षाचा. कुठल्या पक्षाचं संसदेत किती बळ, हे निळ्यावर ठरतं. दोन्हीकडे एकेकच फुली.

हा निळा रकाना मला फार मोलाचा वाटतो. त्याच्याच जोरावर ग्रीन पक्ष १९८३ साली ५.६ टक्के मतांनी पहिल्यांदा संसदेत शिरला. उंबरठा ५ टक्क्यांचा. २०२१ मध्ये याच पक्षाचे हाबेक आणि बेअरबॉक केंद्रात मंत्री झाले. आमच्या श्टुटगार्टात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या राजधानीत, तर २०११ लाच क्रेचमान राज्याचे मुख्यमंत्री झाले, देशातले पहिले ग्रीन!

बोटाला शाई लावत नाहीत. ओळखपत्र मात्र जवळ ठेवा आणि फुली दिसणार नाही अशी घडी घालूनच पडद्यामागून बाहेर या.