सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन: क्ले नेमबाजीसाठी आणि फेझंटच्या शिकारीसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना क्ले नेमबाजीची, म्हणजे यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या (क्ले) छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाची, गोडी लागते, त्यांच्यापुढे काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो: क्लबची भाड्याची बंदूक पुरे झाली, आता स्वतःची कोणती घ्यावी? पहिली बंदूक म्हणून बारा बोअरची (बोअर हे नळीच्या रुंदीचे माप; आकडा लहान तितकी नळी रुंद), गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा धक्का खांद्याला कमी बसतो, त्याच दर्जाच्या चांगल्या दुनळीपेक्षा ती बहुधा स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात क्ले व ऑक्टोबरनंतर शिकार अशी दोन्ही कामे तिच्याकडून होतात. मात्र ती घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की ठसली पाहिजे. दुनळी मोडून हातात धरली की ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. सेमी-ऑटोमॅटिक मात्र एक बार झाला की चापावरचे बोट हलण्याच्या आत स्वतःच पुन्हा भरली जाते. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक सवय या एका वस्तुस्थितीतून आलेली आहे.

सर्वप्रथम कायदा पाहू, कारण आपल्या लोकांची गफलत बहुधा इथेच होते. एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांतला सर्वांत उपयोगी अपवाद म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. मनाई केवळ मालकीला नसून बाळगण्याला आहे, त्यामुळे मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणेही तिच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून व्हिसावर असणाऱ्याने शिकार परवाना आधी काढावा, तो खिशात ठेवावा आणि त्याची मुदत कधी संपते याकडे लक्ष ठेवावे. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नसते. परवानाधारक दुकानातून शॉटगन घेण्यासाठी वय किमान १८ वर्षे पूर्ण लागते, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि दुकानदार पार्श्वभूमीची तपासणी करून घेतो. त्या फॉर्मवरचा प्रत्येक प्रश्न शांतपणे वाचून खरे उत्तर द्यावे, कारण तिथे खोटे लिहिणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. राज्याराज्यांचे नियम याहून कडक असू शकतात, ते वेगळे पाहावेत.

आता यंत्राकडे वळू. पहिली यशस्वी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी घडवली. तिच्यात बार झाल्यावर नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) दोन्ही एकत्र मागे सरकत. आजच्या बंदुकांत प्रामुख्याने दोन पद्धती आढळतात. गॅसच्या पद्धतीत नळीला असलेल्या बारीक छिद्रांतून थोडा वायू खाली येतो, पिस्टन मागे ढकलतो आणि बोल्ट उघडतो. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० आणि आजच्या बेरेटाच्या ए३०० व ए४०० या बंदुका अशा चालतात. धक्का थोड्या जास्त वेळात विभागला जात असल्याने खांद्याला तो ढकलल्यासारखा जाणवतो, आणि एका दुपारी शंभर क्ले मारणाऱ्याला हा फरक संध्याकाळी नीट कळतो. बेनेल्ली कंपनीने प्रसिद्ध केलेल्या इनर्शिया पद्धतीत वायू यंत्रणेत शिरतच नाही. बंदूक मागे सरकताना बोल्टचा जड भाग जागच्या जागी राहतो, त्यामुळे आतली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पुढे बोल्ट उघडते. ही बंदूक हलकी असते आणि कमी घाण होते, म्हणून दिवसभर शेतात चालणाऱ्या शिकाऱ्यांना ती आवडते. परंतु तिचा धक्का जास्त बसतो आणि नवी असताना अगदी हलक्या काडतुसांवर ती कधी कधी अडखळते. क्ले जास्त खेळायचे असेल तर गॅस, पायपीट जास्त असेल तर इनर्शिया, असा सरळ हिशेब ठेवावा.

विकत घेताना चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, ३ इंची आणि नळी २८ इंची असली की दोन्ही कामांना पुरते; साडेतीन इंची चेंबरचा मोह क्लेसाठी निरर्थक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बंदूक अंगाला बसली पाहिजे. शॉटगनला रायफलसारखा मागचा नेम नसतो, तिथे आपला डोळाच मागच्या नेमाचे काम करतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी सरळ समोर आणि नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी मध्यभागी दिसला तर माप जमले. बहुतेक नव्या बंदुकांसोबत दस्त्याचा कोन बदलण्यासाठी पातळ चकत्या मिळतात, त्या वापरून पाहाव्यात. आपला प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याचा भर असतो तो, कोणता हेही आधी तपासावे. डावखुऱ्याने शक्य असेल तर डाव्या हाताची बंदूक मागवावी, कारण नेहमीच्या बंदुकीतून रिकामी पुंगळी उजवीकडे, म्हणजे त्याच्या चेहऱ्यासमोरून उडते.

काडतुसांच्या बाबतीत एक धोका असा आहे की तो कोणत्याही नवशिक्याने विसरता कामा नये. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकते, आणि चेंबर रिकामे दिसल्यामुळे कोणी त्यामागे बारा बोअरचे काडतूस घालून बार काढला तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत यासाठीच आहे. दोन बोअरची काडतुसे एका खिशात, एका पिशवीत किंवा एका जाकिटात कधीही ठेवू नयेत. बार नेहमीसारखा न होता नुसता दबका ‘फुस्’ आवाज आला, तर तिथेच थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळीत काही अडकले नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढचा बार काढू नये. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये इथे जास्त सावध राहावे लागते, कारण पुढचे काडतूस चेंबरमध्ये आपोआप येऊन बसलेले असू शकते.

भरण्याची आणि रिकामी करण्याची कृती घरी, नकली काडतुसांवर, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, हातात बसेपर्यंत करावी. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट चापाच्या कडीबाहेर. बोल्ट मागे ओढून अडकवावा, पुंगळी बाहेर पडते त्या उजवीकडच्या खिडकीतून एक काडतूस आत ठेवावे, हात पूर्ण बाजूला घ्यावा आणि मगच बोल्ट सोडण्याचे बटण दाबावे. बोल्ट ज्या जोराने पुढे येतो त्यात अंगठा सापडला तर नख काळे पडते. त्यानंतर बंदूक उलटी करून खालच्या बाजूने मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या काडतुसे साठवायच्या नळकांड्यात, काडतुसे सरकवावीत. रिकामी करताना याच्या उलट जावे, आणि खरी मेख इथेच आहे: बऱ्याच बंदुकांत बोल्ट मागे ओढला की चेंबरमधले काडतूस बाहेर पडते, परंतु मॅगझिनमधले तसेच आत राहते. खिडकीतून पाहणाऱ्याला बंदूक रिकामी वाटते, आणि नंतर कोणी बोल्ट मागेपुढे केला की ती भरते. म्हणून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, मग करंगळी घालून चाचपावे, नंतर मॅगझिनच्या तोंडाशी बोट नेऊन तिथे काडतुसाचा पितळी बूड नसून मॅगझिनचा प्लास्टिकचा रंगीत तुकडा लागतो आहे याची खात्री करावी. मॅगझिन रिकामे करण्याची खटकी प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, त्यामुळे पुस्तिका वाचल्याशिवाय भागत नाही.

रेंजवर या बंदुकीचे काही वेगळे शिष्टाचार आहेत. दोन जागांच्या मध्ये चालताना बोल्ट उघडा असावा आणि चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग खोचलेला असावा, म्हणजे बंदूक रिकामी असल्याचे इतरांना लांबूनही कळते. ट्रॅप या क्ले नेमबाजीच्या प्रकारात पाच जण शेजारी शेजारी, क्ले फेकणाऱ्या घरापासून १६ यार्डांवर उभे राहतात आणि प्रत्येकाला २५ क्ले मिळतात. तिथे एका वेळी एकच काडतूस घालायचे आणि आपली पाळी आल्यावरच बोल्ट बंद करायचा. मॅगझिन आहे म्हणून ते भरून ठेवणे हा तिथे सरळ सरळ बेशिस्तपणा मानला जातो, आणि ते योग्यच आहे. आपली गरम पुंगळी उजवीकडच्या माणसाच्या मानेवर जाऊ नये म्हणून खिडकीपाशी लावायचा छोटा अडथळा थोडक्या पैशांत मिळतो. तो न लावता ट्रॅपच्या रांगेत उभे राहू नये. स्कीट या दुसऱ्या प्रकारात आठ जागा असतात, उंच आणि बुटक्या अशा दोन घरांतून क्ले येतात आणि दोन क्ले एकदम सुटतात तेव्हा दोन काडतुसे भरतात. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हे प्रेक्षकालाही बंधनकारक समजावे.

नेमबाजीचे तंत्र थोडक्यात सांगतो, कारण ते वाचून येत नाही. छर्रे सेकंदाला साधारण ३६५ मीटर वेगाने सुटतात, तरी क्ले तोवर पुढे सरकलेली असते. स्कीटच्या चौथ्या जागेवरून आडव्या जाणाऱ्या क्लेच्या सुमारे एक मीटर पुढे बार जावा लागतो. डोळा क्लेवर ठेवावा, मण्यावर नव्हे, आणि बार झाल्यावरही नळी फिरतीच राहावी. नळी थांबली की छर्रे मागे पडतात. नवशिक्याच्या बहुतेक चुकांचे मूळ एवढेच असते. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचा, छर्ऱ्यांचा पसारा आवळणारा तुकडा; क्लेला इम्प्रूव्हड सिलिंडर (थोडा आवळणारा) चोकने सुरुवात करावी आणि ट्रॅपला मॉडिफाइड (मध्यम) लावावा. ३० इंची वर्तुळात ४० यार्डांवर किती छर्रे बसतात यावरून चोक ओळखतात: इम्प्रूव्हड सिलिंडरला साधारण निम्मे, सर्वांत आवळणाऱ्या फुल चोकला ७० टक्के. परंतु मोठा कागद लावून स्वतःच्या बंदुकीचा पसारा प्रत्यक्ष पाहिल्यावाचून या आकड्यांवर विसंबू नये.

शिकारीला जायचे तर राज्य मागत असो वा नसो, शिकार सुरक्षेचा अभ्यासक्रम करूनच जावे. फेझंटसाठी साउथ डकोटा राज्यासारखे ठिकाण नाही. चीनमधून अमेरिकेत आणलेला हा पक्षी तिथल्या मक्याच्या रानात असा काही रुजला की १९१९ पासून तिथे त्याची नियमित शिकार होते. हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, दिवसाला तीन पक्षी घेता येतात आणि तेही फक्त नर. नराच्या गळ्याला पांढरी कडी, शेपटी लांबलचक आणि उडताना तो कर्कश ओरडतो. दुपारच्या उतरत्या उन्हात रंग काळपट दिसतात, म्हणून शेपटी आणि आवाज दोन्ही पटल्याखेरीज बार काढू नये. रांगेने रान झाडत जाताना दुसऱ्या टोकाला आपलेच सोबती पक्षी अडवायला उभे असतात. पक्ष्याच्या खाली मोकळे आकाश दिसले तरच चाप ओढायचा. खालून जाणारा पक्षी, कुत्रा मागे धावत असताना तर नक्कीच, सोडून द्यायचा. केशरी टोपी आणि जाकीट घालावे. सेफ्टी चालताना लावलेलीच असावी आणि बंदूक खांद्याकडे येत असतानाच काढावी. पहिल्या बारात पक्षी पडला, तर लगेच सेफ्टी पुन्हा लावावी, कारण बंदूक त्या क्षणी भरलेली आहे आणि आपले सगळे लक्ष पडलेल्या पक्ष्याकडे आहे. अपघात अशाच वेळी होतात. कुंपण ओलांडताना बंदूक पूर्ण रिकामी करून आधी पलीकडे ठेवावी. पक्षी साफ केल्यावर नेताना तो नर असल्याचे ओळखता येईल असे डोके, पिसांसह पंख किंवा पाय त्याला राहू द्यावा लागतो.

रानबदकांसाठी नियम आणखी आहेत. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकचा प्लग घालतात. नवीन बंदुकीसोबत तो येतो, पण घातलेला आहे की नाही हे आपणच तपासायचे. तळ्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे गिळून बदके विषबाधेने मरत असल्याने १९९१ पासून बदकांसाठी शिसे देशभर बंद आहे. पोलादी छर्रे हलके असल्याने दोन नंबर मोठे घ्यावेत आणि फुल चोक टाळावा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक शिकाऱ्याला संघराज्याचा २५ डॉलरचा डक स्टँप लागतो. तो पैसा पाणथळ जागा वाचवण्यासाठी जातो, तसेच बंदुकांवरचा व काडतुसांवरचा करही १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांसाठी खर्च होतो. हे पैसे मी मनापासून देतो.

घरी आल्यावर गॅसच्या बंदुकीचा पिस्टन काढून त्यावरची काजळी पुसावी आणि तेल अगदी थोडे लावावे, कारण जास्तीच्या तेलात काजळी बसून चिखल होतो. जुन्या रेमिंग्टन ११०० मधली रबरी कडी झिजते, ती एक जादाची जवळ ठेवावी. शिशाची धूळ हाताला असते, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. बंदूक रिकामी करून कुलपाच्या तिजोरीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. तिजोरीची किल्ली कुठे आहे हे घरातल्या मुलांना आणि पाहुण्यांना कळू देऊ नये. सुट्टीला भारतात जाताना बंदूक सोबत नेण्याचा विचारही करू नये: तिथे आयातीला वेगळा शस्त्र परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला मनाई आहे. जाण्यापूर्वी नळीला आतून तेलाचा पातळ हात द्यावा, तिजोरीत ओलावा शोषणारी पुडी ठेवावी आणि परत आल्यावर पहिला बार काढण्याआधी नळीतून कोरडे फडके फिरवावे.