निळा धूर : टर्बो उतरवण्याआधीची तयारी

गाडी निळा धूर मारायला लागली की पहिला फोन मिस्त्रीला जातो आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच निदान येतं, "टर्बो गेला." निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. माझ्या बाबतीत तेच झालं. १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, तिच्यात मोठा टर्बो, नवा डाऊनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), कॅच कॅन (इंजिनातून येणाऱ्या वायूतलं ऑइल अडवणारा डबा) आणि वर रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग्ज बदलणं). काम होऊन आठवडाही उलटला नव्हता. ठाण्यात कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून सुटून जरा रेस दिली, तर निळ्या धुरात मागची रिक्षा आरशात दिसेना. पुढच्या दोन महिन्यांत टर्बो दोनदा खाली उतरवला आणि दोन्ही वेळा तो धडधाकट निघाला. मजुरी गेली, गॅस्केटं गेली, सुट्ट्या गेल्या. दोष सापडला तो भलतीकडेच. आज पुन्हा तीच वेळ आली तर कोणत्या क्रमाने तयारी करीन, ते इथे लिहितो आहे.

आधी धूर निळाच आहे का, ते दिवसाउजेडी पाहा. बेसमेंट पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली पांढरा धूरही निळसर भासतो. गाडी उघड्यावर काढा, मागे गडद भिंत किंवा झाडी येईल अशी उभी करा आणि कोणालातरी हळूहळू रेस द्यायला सांगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, त्यासाठी रिमॅप करणाऱ्याकडे जायचं. पांढरा, गोडसर वासाचा आणि रेंगाळणारा धूर असेल तर कूलंट जळतोय. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून निघते ती नुसती वाफ, दोन हातांवर विरून जाते. निळ्या धुराला करपलेल्या ऑइलचा वास असतो आणि डोळे चुरचुरतात.

निळा ठरला, की निदान होईपर्यंत गाडी ताणू नका. ज्वलनात ऑइल मिसळलं की इंधनाचा ऑक्टेन खाली येतो आणि इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे आत इंधन अवेळी पेटून ठकठक होते. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात तर कमी आरपीएमला जोरात पाय दिला की ऑइलचे थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतात. त्या धक्क्याने पिस्टनची रिंग बसते ती कड तुटते. गाडी डिझेल असेल तर चालवूच नका. टर्बोतून आत ओढलं गेलेलं ऑइल हेच इंधन होतं, इंजिन आपोआप पळत सुटतं आणि चावी काढूनही बंद होत नाही.

मग एक वही घ्या. काय काय बदललं, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर आणि धूर पहिल्यांदा कधी दिसला, ते क्रमाने लिहा. जुने सुटे भाग परत मागून घ्या. कामाचे फोटो असतील तर तेही. यात एक गोष्ट आवर्जून नोंदवा : डाऊनपाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टचा वायू स्वच्छ करणारा भाग) काढला होता का? कॅट थोडंफार ऑइल जाळून टाकतो. तो गेला की आधीपासून असलेला धूरही उघड्यावर येतो आणि खापर नव्या टर्बोवर फुटतं. म्हणजे दोष मॉडिफिकेशनच्या आधीचाही असू शकतो. शिवाय कॅट काढणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. माझा कॅट मी परत बसवून घेतला आहे आणि तुम्हीही बसवा, असंच सांगेन. पण धुराचा दोष निघाल्यानंतर, कारण ऑइलमधला फॉस्फरस कॅटवर थर धरतो आणि चांगला कॅट निकामी करतो.

धूर कधी येतो याची नोंद मिस्त्रीला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपका येऊन थांबतो का? मग रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून (इंजिनच्या झडपांवर ऑइल अडवणाऱ्या रबरातून) ऑइल झिरपलेलं असू शकतं. गायमुखचा घाट ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडून, गिअरमध्ये उतरलात आणि खाली आल्यावर रेस देताच धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइड (झडप ज्यात सरकते ती नळी) आणि सीलवर, कारण तेव्हा इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधली ओढ सर्वात जास्त असते. महापेहून शिळफाट्याकडे चढताना, भर बूस्टमध्ये (टर्बो जोराने हवा दाबत असताना) धूर येत असेल तर पिस्टन रिंग, ब्रीदर (इंजिनात साठलेला वायू बाहेर नेणारी वाट) किंवा टर्बोची कॉम्प्रेसरकडची, म्हणजे हवा दाबणारी बाजू पाहायची. आणि तीन हात नाक्यासारख्या सिग्नलला चार-पाच मिनिटं आयडलवर (रेस न देता, इंजिन चालू ठेवून) उभं राहून निघताना मोठा लोट येत असेल, तर टर्बोतून ऑइल परत जाण्याच्या वाटेवर आधी शंका घ्या. माझी गाडी शेवटच्या गटातली होती. हे वहीत तारखेसकट लिहिलं होतं, पण दाखवलं कोणालाच नाही. आधी दाखवलं असतं तर टर्बो दुसऱ्यांदा उतरला नसता.

ऑइल किती खाते, तेही मोजा. दर वेळी त्याच सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढायची. सोसायटीच्या रॅम्पवर घेतलेलं माप फसवतं. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, त्यावरून अंदाज येतो. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तिथेच थांबा. जास्त भरलेल्या ऑइलनेही धूर येतो, आणि मोठं काम झाल्यावर गॅरेजमध्ये "थोडं जास्तच टाकलंय" हे सर्रास घडतं. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

शनिवारी सकाळी बसणार असाल तर टॉर्च, चिंध्या, सॉकेटचा सेट, नवे होज क्लिप, टर्बोच्या ड्रेनचं (ऑइल परत जाण्याच्या पाइपचं) नवं गॅस्केट, पातळ रबरी हातमोजे आणि मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा जवळ ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग गाडी चालवून पाहायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर धूर थांबला तरी तो कशाने थांबला ते कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. टर्बोच्या शाफ्टला आपल्या डोक्यात असतं तसं रबरी सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबामुळे ऑइल आत राहतं. बेअरिंगमध्ये ऑइल दाबाने येतं, पण बाहेर पडताना त्याला दाब नसतो. फेसाळलेलं, हवा मिसळलेलं ऑइल फक्त उताराने सम्पमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) घरंगळतं. ती वाट जरा तुंबली, की ऑइल टर्बोत साचतं आणि कड्यांवरून थेट टर्बाइनमध्ये (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या बाजूत) जातं. म्हणूनच नवाकोरा, उत्तम टर्बोही धूर मारतो. ड्रेनचा पाइप रुंद हवा, कुठेही वर चढता कामा नये, मधे खोलगट वळण नको, होज पिळलेला नको. टर्बोचं ड्रेनचं तोंड सरळ खाली असावं, कलच असेल तर तो ३५ अंशांच्या आत. सम्पला जोड ऑइलच्या पातळीच्या वर हवी. बॉल बेअरिंगचा टर्बो लावला असेल तर ऑइल आत येण्याच्या बाजूला बनवणाऱ्याने सांगितलेला रिस्ट्रिक्टर (ऑइलची धार बारीक करणारा तुकडा) आहे ना, तेही विचारा. तो नसेल तर गरजेपेक्षा जास्त ऑइल आत घुसतं.

माझ्या गाडीत ड्रेनचे दोन बोल्ट सोडल्यावर फ्लँज (पाइपचं चपटं तोंड) हातात आला. गॅस्केटच्या जोडीला कोणीतरी राखाडी सिलिकॉन भरपूर लावलं होतं. आवळताना ते आतल्या बाजूला पिळून निघालं होतं आणि करंगळीएवढ्या भोकात गांडुळासारखं लोंबत होतं. अर्ध्याहून जास्त वाट त्यानेच अडवली होती. नखाने ओढलं तर एका तुकड्यात निघून आलं. ज्या गॅरेजने दोनदा टर्बो उतरवला, तिथे दोन्ही वेळा ड्रेन बसवताना तेच सिलिकॉन लागलं होतं. या जोडावर सिलिकॉन लावायचंच नाही, कोरं गॅस्केट पुरतं. मिस्त्रीला हे आधीच सांगा.

ड्रेन मोकळा असला तरी सम्पमध्येच दाब साठत असेल तर ऑइल खाली उतरणार नाही, त्यामुळे पुढचा नंबर ब्रीदरचा. मूळ गाडीत ब्रीदरच्या वायूला दोन वाटा असतात : आयडलवर इनटेक मॅनिफोल्डकडे आणि बूस्टमध्ये टर्बोच्या तोंडाकडे. कॅच कॅन लावताना या दोन्ही वाटा एकत्र जोडल्या आणि मधला एकेरी व्हॉल्व्ह विसरला, किंवा उलटा बसला, तर बूस्टची हवा थेट क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) शिरते. तो व्हॉल्व्ह काढा, स्वच्छ पुसा आणि स्वच्छ नळी लावून तोंडाने फुंका. एकाच दिशेने हवा जायला हवी, मॅनिफोल्डकडून इंजिनकडे अजिबात नाही. कॅच कॅनचे होज मूळ होजपेक्षा बारीक नकोत. आतली जाळी काढून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत, ठाणे ते ऐरोली असा छोटा पल्ला रोज चालला तर कॅनमध्ये दुधाळ कॉफीसारखा चिकट लगदा साठतो आणि वाट बंद होते. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि त्या तोंडावर हातमोजा ताणून धरा, बेल्टपासून हात आणि बाही लांब ठेवून. मोजा आत ओढला गेला किंवा नुसता थरथरला तर ठीक. बोटं ताठ उभी राहिली तर दाब साठतोय.

फिल्टर आणि टर्बोच्या मधला होज काढून पाहणं पाच मिनिटांचं काम. फिल्टर तुंबला असेल किंवा मऊ होज आत चिमटत असेल तर तिथली ओढ ऑइल खेचून काढते. होज निघालेलाच आहे तर थंड इंजिनवर शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा. आडवं किंचित हलणं साध्या बेअरिंगमध्ये चालतं. पातं घराला घासत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर स्पष्ट सरकत असेल, तर मात्र टर्बो खरंच गेला. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर नॉर्मल आहे. वाटीभर ऑइल ओतलं जात असेल तर नाही. पाइप कोरडे आणि तरी धूर असेल तर ऑइल टर्बाइनकडून किंवा सिलिंडरमधूनच येतंय.

इथवर काही सापडलं नाही तरच इंजिनकडे वळायचं. प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. एकच ओला असेल तर दोष त्या सिलिंडरचा, सगळे सारखे ओले असतील तर बहुधा टर्बो किंवा ब्रीदरचा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो त्याचं माप) गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि इंधन व इग्निशन बंद करून घ्यायची. सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा. मात्र कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून इंजिन निर्दोष धरू नका. ऑइल पुसणारी खालची रिंग अडकली असेल किंवा व्हॉल्व्ह सील कडक झाले असतील तर या टेस्टमध्ये काहीच दिसत नाही. त्यासाठीच प्लगच्या भोकातून कॅमेरा घालायचा. पिस्टनच्या माथ्यावर काजळी असून कडेला धुतल्यासारखं स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर रिंगांवरून ऑइल वर येतंय. इंजिन नुकतंच बांधलेलं असेल तर रिंगा बसायला वेळ द्या, बांधणाऱ्याने सांगितलेलं रनिंग पूर्ण होऊ द्या.

दोष निघाला तरी धूर त्याच मिनिटाला थांबत नाही. इंटरकूलर उतरवून धुवा आणि पूर्ण वाळवा. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला थोडा वेळ लागतो. माझी गाडी पाम बीच रोडवर दोन फेऱ्या मारूनही थोडी धुरत होती आणि मी पुन्हा घाबरलो होतो. तिसऱ्या दिवशी कापूरबावडीला तितकाच वेळ अडकलो, सुटल्यावर रेस दिली आणि आरशात मागची रिक्षा, तिच्या नंबर प्लेटसकट, स्वच्छ दिसली.