पेटीत चाकू टाकायच्या आधी

मागच्या महिन्यात आमच्या आळीतला एक पोरगा पेढे घेऊन आला. अग्निवीर म्हणून निवड झाली होती, बेळगावला मराठा सेंटरमध्ये ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. पाया पडला, चहा झाला, मग हळूच मोबाईल पुढे केला. "नाना, हा मागवू का?" बघतो तर फूटभर लांबीचा काळा सुरा. पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र.

मी म्हटलं, "कुणाला मारायला निघालायस?"

सतरा वर्षं नोकरी झाली माझी. तेवढ्यात चार चाकू वापरले. एकही कुणावर उगारला नाही. सुतळी मात्र किती कापली त्याला हिशेब नाही. फौजेत चाकूचं काम म्हणजे खोक्याची पट्टी तोडणं, ताडपत्रीची दोरी मापात कापणं, जेरीकॅनचं सील काढणं, वायरीचं कव्हर सोलणं, पायात गेलेला काटा काढणं आणि लंगरला, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, माणूस कमी असला की कांदा. या कामांना चार इंचांच्या पात्यापेक्षा जास्त लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सेंटरला चाकू नेऊच नका. तिथं पेटी उघडून तपासतात आणि ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादाला तुमच्या पेटीत सुरा सापडला तर पुढचा आठवडा कसा जाईल ते मी सांगायला नको. ट्रेनिंग संपू दे, युनिटला जा, पोस्टिंग कुठं आहे ते बघा, मग तिथल्या एखाद्या जुन्या हवालदाराच्या खिशात काय आहे ते विचारा.

माझा पहिला चाकू त्या पोराच्या फोटोतल्यासारखाच होता. पोकळ मूठ, आत काडेपेटी न् गळ ठेवायची सोय. ईशान्येत होतो. पावसात तंबूसाठी बांबू फोडायला घेतला, तिसऱ्या घावाला पातं बांबूत आणि मूठ माझ्या हातात. नंतर बघितलं तर पातं मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं होतं. म्हणून न मिटणारा चाकू घ्यायचा तर पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेलं पाहिजे. मुठीच्या कडेला किंवा बुडाशी धातू दिसतो का बघा. दिसत नसेल तर दुकानदाराला विचारा.

दुसरा गावच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा करून घेतला. धार अशी की कागद फाटत नाही, सरकत जातो. पण ते साधं कार्बनचं पोलाद. आसामच्या पावसाळ्यात रात्री ओला राहिला की सकाळी पात्यावर लाल ठिपके. लिंबू कापलं की काळा. रोज पुसून तेल लावायचा मला कंटाळा, म्हणून शेवटी तो लंगरच्या आचाऱ्याला दिला, आणि त्यानं तो माझ्यापेक्षा चांगला सांभाळला. दमट भागात पोस्टिंग असेल तर सरळ स्टेनलेस घ्या. क्रोमियममुळे ते सहजी गंजत नाही. धार थोडी लवकर उतरते, पण दोन मिनिटांत परत लागते.

तिसरा लाल स्विस चाकू. भाऊ दुबईला होता, त्यानं आणला. कात्री, डबा फोडायचं पातं, चिमटा, सगळं. सपाट मुलखात असेपर्यंत त्याच्याएवढा कामाचा चाकू नाही. लडाखला गेल्यावर मात्र त्याची खोड कळली. पातं नखानं खाचेत धरून ओढायचं असतं, आणि हातात जाड मोजे. मोजा काढला तर उणे वीसमध्ये धातू बोटाला चिकटतो. बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या शेगडीजवळ, बसूनच तो उघडायचा, म्हणजे बाहेर उपयोग शून्य. सांध्यात पाणी राहिलं तर गोठून बसायचा ते वेगळंच. गंमत म्हणजे खुद्द स्विस सैन्यानं 2008 साली आपल्या जवानांसाठी 111 मिलीमीटरचा मोठा चाकू निवडला, जो एका हातानं उघडतो आणि उघडल्यावर पातं अडकून राहतं. दुकानातला लाल चाकू वेगळा, जवानाचा वेगळा.

ते अडकून राहणं फार महत्त्वाचं. मिटायचा चाकू घेणार असाल तर पातं उघडून त्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाब द्या, धारेच्या वाटेतनं बोटं बाजूला ठेवून. मिटला तर परत द्या. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून वण आहे, टोकानं भोक पाडताना आमचे लाल साहेब बोटावरच मिटले होते.

तो लाल चाकू गेला विमानतळावर. सुट्टीवर येताना पाऊचमध्येच विसरलो, तपासणीत निघाला. चूक माझीच. विमानानं येणार असाल तर चाकू आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेच्या तळाशी टाका, हातातल्या पिशवीत नको.

चौथा अजून घरी आहे. चार इंचांचं स्टेनलेस पातं, रबरी मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. दिसायला अगदी बावळट. पण मूठ थंडीत चटका देत नाही, मोज्यासकट धरता येते, आणि नारिंगी असल्यामुळे बर्फात पडली तरी दिसते. काळ्या मुठीच्या हौसेपायी किती जणांनी रात्री टॉर्च घेऊन चाकू शोधलाय!

धारेवरच्या करवतीच्या दातांचं म्हणाल तर ओला नायलॉन दोर ते झटक्यात कापतात, पण धार गेली की साध्या दगडावर लावता येत नाही. मला सरळ धार बरी वाटते. निसण्याचा छोटा दगड पेटीत ठेवा. आठवड्यातून एकदा, पातं दगडाला साधारण वीस अंशात टेकवून, दोन्ही बाजूंनी सारखे हात. जोर नको. आणि धार बघायची ती कागदावर, हाताच्या केसांवर नाही.

लांबीची हौस असेल तर कायदाही ऐका. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा, घरकाम-शेतकामाचा नसलेला चाकू शस्त्र कायद्याच्या नियमांत येतो. सुट्टीवर साध्या कपड्यात, एसटीत असला सुरा कमरेला लावून फिरलात तर फौजी असल्याचं सांगून सुटका होईलच असं नाही.

त्या पोराला मी शेवटी नेलकटर, सुई-दोरा आणि चार जास्तीची बटणं घ्यायला सांगितली. त्याचं तोंड जरा पडलं. पण परवा सेंटरवरून फोन आला, आवाज बसलेला होता. बटणं संपली म्हणाला.